पास झालेल्यांची गाडी

सरकारने या भागाला आधी 'मागास' म्हटलं, मग 'अतिमागास', आणि पुढे कुणा हळव्या साहेबाला तो शब्द टोचला म्हणून 'उमलता भाग' असं गोंडस नाव ठेवलं. नावाने रस्ता झाला नाही की नळाला पाणी आलं नाही. पण उमलता भाग म्हणून एक रुग्णवाहिका मात्र मिळाली. योजनेने धड केलेलं काम एवढं एकच, आणि तेही बहुधा चुकून.

त्या गाडीच्या जिवावर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरोघरचे उंबरे झिजवले. "बाळंतपण घरी नको गं, अडलं तर गाडी आहे," असं सांगून सांगून त्यांच्या घशाला कोरड पडली. सासवांनी शिव्या दिल्या, नवऱ्यांनी तोंडावर दारं लावली, पण बाई खमक्या. हळूहळू बायका यायला लागल्या. अडलेली बाई डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात पोचायची आणि बाळ घेऊन परतायची. राजधानीत कुणीतरी हे आकडे पाहिले आणि भाग चक्क पास झाला. 'उमलत्या'चा 'उमललेला' झाला.

आता पास झालेल्यांना गाडी कशाला? ती शेवटून पहिल्या आलेल्या दुसऱ्या भागाला द्यायची ठरली. म्हणजे रोग्याला जरा बरं वाटलं की त्याची बाटली उचलून शेजाऱ्याला पाजायची. या अकलेला पगारही मिळतो.

बरं, गुपचूप न्यावी ना! नाही. दवाखान्याच्या अंगणात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, हिरवा झेंडा मागवला. ड्रायव्हरने गाडी घासूनपुसून धुतली. जन्मात पहिल्यांदा अंघोळ घातल्यामुळे ती कुणाला ओळखूच आली नाही. "दुसरी आली, दुसरी आली!" म्हणत लोक हरखले.

ड्रायव्हरला सगळे हॉर्न म्हणायचे. त्याचा आवाजच तसा होता. आज मात्र तो दारात येऊन हळू बोलला, "बाई, दुसरी कुठली? आपलीच आहे. घेऊन जा आणि परत येऊ नको म्हणालेत."

नर्सबाईंना ते नीट ऐकायलाही सवड नव्हती. आत त्यांचीच सून कळा देत होती. पहिलटकरीण, आणि बाळ आडवं. मुलगा लांब कामाला, सून यांच्या भरवशावर. हे बाळंतपण इथे होण्यासारखं नव्हतं, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

त्या तशाच मांडवात गेल्या आणि योजनेच्या मुख्य साहेबांना गाठलं.

"साहेब, गाडी जातेच आहे, तर माझ्या सुनेला वाटेत मोठ्या इस्पितळात सोडू दे. बाळ आडवं आहे हो. रस्ताही तोच आहे."

साहेबांनी कळवळ्याचा चेहरा केला. तो त्यांना छान जमायचा. "बाई, तुमची अडचण मला पटते. पण गाडी आता उमलत्या भागाची. तिच्यात उमललेल्या भागाचा पेशंट बसवला तर चुकीचा संदेश जातो."

"कुणाला जातो?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "हे बघा, पोर चालायला लागलं की आपण त्याचा हात सोडतोच ना?"

"हात सोडा हो. पाय कशाला काढून नेता?"

साहेब हसले, कारण समोर फोटोवाला होता.

"मग तुमची मोटार द्या."

"अहो, मला पुढे स्वागताला पोचायचंय."

"कुणाच्या?"

"याच गाडीच्या."

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ कुठे होता? त्या वळल्या, हॉर्नच्या कानाशी चार शब्द बोलल्या आणि आत पळाल्या.

साहेबांनी झेंडा हलवला, टाळ्या पडल्या, गाडी फाटकापर्यंत गेली. इतक्यात फोटोवाला ओरडला, "साहेब, झेंडा तोंडावर आला! पुन्हा घेऊ!"

तोंड दिसणार नसेल तर विकास करून उपयोग काय? साहेबांनी गाडी मागे बोलावली आणि केसांवरून कंगवा फिरवायला घेतला. हॉर्नने गाडी मागे घेतली. जरा जास्तच मागे घेतली, थेट बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी. नर्सबाई आणि आयाने सुनेला उचलून गाडीत घातलं, दार ओढून घेतलं. इकडे कंगवा अजून चालूच होता.

झेंडा दुसऱ्यांदा हलला. हॉर्नने सायरन लावला. समारंभाला शोभा आली असं वाटून साहेब आणखी रुंद हसले, आणि माइकवाल्याने लोकांकडे जोरदार टाळ्या मागितल्या.

"आई," सुनेने कळ दाबत विचारलं, "टाळ्या कसल्या गं?"

"आपली गाडी नेतायत, त्याच्या," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. पोचेल, ही पोचेल. हिच्यापुरती गाडी होती.

मागच्या काचेतून मांडवाची पुढची रांग दिसत होती. तिथे शिंप्याची बायको उभी होती, दिवस भरत आलेली. घरीच बाळंत होईन म्हणून हटून बसली होती. तिला राजी करता करता नर्सबाईंच्या चपला झिजल्या होत्या. आता सगळ्यांत जोरात टाळ्या तीच वाजवत होती. काचेत नर्सबाई दिसताच तिने आपल्या पोटाकडे बोट केलं, मग गाडीकडे, आणि लाजून हसली. पुढची मी, असं ती सांगत होती.

नर्सबाईंना मान हलवून नाहीसुद्धा म्हणता आलं नाही. त्या गाडीवर भरवसा ठेवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.