डोळा स्पष्ट, हात धूसर

मित्रांनो, मी एक कॅमेरा आहे, एवढे नक्की. जुना आहे की नवा, ते मात्र सांगता येत नाही. जुना म्हणावे तर माझी बटणे अजून टकटक वाजतात, आणि नवा म्हणावे तर माझ्या कोपऱ्यांचा काळा रंग उडून आतला धातू दिसू लागला आहे. आमच्या जातीला मिररलेस म्हणतात. म्हणजे पोटात आरसा नसलेला. आरसा गेला म्हणून आम्ही अंगाने लहान झालो, हलके झालो, कोटाच्या खिशात मावू लागलो. पण आमचा डोळा आमचा नसतो, मित्रांनो. लेन्स हाच आमचा डोळा, आणि मालकाच्या मनात येईल तेव्हा तो एक डोळा फिरवून काढतो नि दुसरा बसवतो. सकाळी जग ऐसपैस दिसते, दुपारी तेच जग खिडकीच्या फटीएवढे होते. यातले खरे कोणते, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

ज्या कारखान्यात मला घडवले तिथे पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे हलक्या हातांनी काम करीत. त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा: समोर माणूस आला की आधी चेहरा शोध, चेहऱ्यात डोळा शोध, आणि डोळा सापडला की तो सोडू नकोस. मी तो धडा घोकून पाठ केला. माणसाचा जीव डोळ्यात असतो, असे मला वाटू लागले.

आणि नशीब बघा, माझा पहिला मालक माणसांचे फोटो काढतच नव्हता. तो घरांचा एजंट होता. रिकामी घरे गिऱ्हाइकांना दाखवायची, भाड्याने किंवा विकत मिळवून द्यायची, हे त्याचे काम. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही त्याला दादाच म्हणतो. दादाने मला एक रुंद लेन्स बसवली आणि दाराच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ चिकटवून उभा राहून तो खोल्यांचे फोटो काढू लागला. त्या लेन्समधून पाहिले की भिंती मागे सरकत, खिडकी दूर जाई, आणि जिथे एक पलंग जेमतेम मावेल तिथे नाच करता येईल असे वाटे. मी चेहरे शोधत बसे. एकदा नळाच्या दोन तोट्यांना मी चेहरा समजलो आणि दादा खूप वेळ हसला.

दादा माझे कौतुक करी. मित्रांना सांगे, हा पठ्ठ्या आहे म्हणून माझा धंदा आहे. पण एके दिवशी एक तरुण जोडपे माझा फोटो पाहून घर बघायला आले. खोलीच्या मधोमध उभे राहून ती बाई एकदा हातातल्या फोनकडे पाही, एकदा भिंतींकडे. शेवटी तिने दबक्या आवाजात नवऱ्याला विचारले, "हीच का ती खोली?" मी दादाच्या गळ्यात लटकत होतो. मी काही खोटे टिपले नव्हते. जी भिंत होती तीच टिपली होती. मग ती बाई एवढी उदास का झाली? मला काही उमगेना.

पुढे दादाने माझ्याहून मोठा कॅमेरा घेतला आणि मी कपाटात गेलो. जुन्या किल्ल्या, वायरींचा गुंता आणि एक बिनपट्ट्याचे घड्याळ यांच्या संगतीत किती काळ गेला कोण जाणे. मला कुणी विचारले नाही. माझी रुंद लेन्स तशीच माझ्या तोंडावर होती आणि अंधारसुद्धा मला ऐसपैस दिसत होता.

मग एक दिवस कपाट उघडले ते छोटीने. छोटी म्हणजे दादाची बहीण. नावाला छोटी, वय चाळिशीला टेकलेले. ती एका बेकरीत पहाटेच्या पाळीला पाव भाजायची. तिच्या बोटांना कितीही धुतले तरी पिठाचा वास असायचा. तिला माझी गरज का पडली ते सांगण्याआधी मावशीबद्दल सांगायला हवे.

मावशी या दोघांच्या आईची धाकटी बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. लहानपणी तिला कुठल्या शाळेत घातले नाही, तेव्हा तिने आणि तिच्या थोरल्या बहिणीने मिळून हातांची एक भाषा केली. ती कुठल्या पुस्तकात नाही. थोरली बहीण गेली, आणि आता ती भाषा पुरती येणारी जगात दोनच माणसे उरली, मावशी आणि छोटी. दादाला अर्धीमुर्धी येते. तो बोलू लागला की मावशी कपाळाला हात लावते.

ही मावशी अंगणाच्या पायरीवरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. एक तात्पुरता इलाज झाला, पण मोठे ऑपरेशन पुढे करायचे ठरले. इस्पितळात रात्री छोटी सोबत राहू शकणार होती. पण पहाटेपासून दुपारपर्यंत ती बेकरीत, दादा गिऱ्हाइकांबरोबर. त्या वेळात मावशीला पाणी हवे असेल, कळ येत असेल, तर नर्सला कसे कळणार? छोटीला एक युक्ती सुचली. मावशीच्या हातखुणांचे फोटो काढायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे, खाली शब्द लिहायचे आणि ते पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर लावायचे.

दादा म्हणाला, सरळ व्हिडिओ काढ की. छोटीने विचारले की दोन्ही हात कामात असलेली नर्स व्हिडिओ कधी बघत बसणार? भिंतीवर असेल ते मान वर केली की दिसते. दादाला ते पटले. मग त्याने मला तिच्या हातात दिले, शिवाय आणखी दोन लेन्स दिल्या आणि माझ्या पोटातल्या छिद्राबद्दल भाषण केले. त्यातून प्रकाश आत येतो, आणि त्याचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, असे तो म्हणाला.

"आकडा लहान, तर भोक मोठं?" छोटीने विचारले. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

दादाला ते ठाऊक नव्हते. खरे सांगू का, मित्रांनो, मलाही नव्हते.

मावशीला खिडकीजवळ खुर्चीत बसवले. तोंडावर रुंद लेन्स होतीच, तिनेच सुरुवात झाली. मावशीने पाण्याची खूण केली, अंगठा ओठांकडे नेला. फोटोत तिचे कोपर भोपळ्याएवढे आले आणि चेहरा लिंबाएवढा. मावशीने तो पाहिला आणि ती इतकी हसली की छोटीला तिला धरावे लागले.

मग छोटीने दुसरी लेन्स लावली आणि छिद्र सगळ्यात मोठे केले. आता मात्र मला हुरूप आला. मावशीचा चेहरा दिसताच मी डोळा शोधला आणि घट्ट धरला. काय तो फोटो! पापण्यांचा केस न केस मोजून घ्यावा. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. पण छोटीचा चेहरा पडला, आणि मावशीने माझ्या पडद्यावर बोट आपटून काहीतरी विचारले. छोटीने ते दादाला सांगितले.

"ती म्हणते, डोळे छान आलेत. पण मी बोलतेय तो हात कुठाय?"

हात होता, पण धुक्यात गेल्यासारखा. मी पुन्हा डोळा धरला, पुन्हा हात धुक्यात. छोटी मला हातावर नेई आणि मी उडी मारून डोळ्यावर येई. माझे काय चुकत होते? जे शिकवले तेच तर मी इमानेइतबारे करत होतो. शेवटी छोटी चिडली. तिने माझ्या मेन्यूत शिरून चेहरा शोधण्याची माझी सवयच बंद केली आणि पडद्यावरचा चौकोन बोटाने सरकवून मावशीच्या हातावर ठेवला. माझ्या डोळ्यांवरचा चष्माच कुणी काढून घेतला असे मला झाले. समोर माणूस आहे आणि त्याच्या डोळ्यात बघायचे नाही?

मग तिने तिसरी लेन्स लावली, मधल्या लांबीची, आणि खुर्चीपासून चार पावले मागे जाऊन छिद्र लहान केले, म्हणजे जवळचे-लांबचे सारखेच स्पष्ट येते. आता हात आणि चेहरा दोन्ही स्पष्ट येऊ लागले. पाणी झाले, कळ झाली, थंडी झाली, कूस बदला झाले. सगळ्यांना वाटले, जमले.

पण दोन खुणांपाशी गाडी अडली. मावशीच्या भाषेत मूठ उघडली की 'सैल कर' आणि उघडा पंजा मिटला की 'आवळ'. छोटीने माझे शटर, म्हणजे फोटोपुरती उघडून मिटणारी झडप, वेगात ठेवले होते, त्यामुळे मी प्रत्येक वेळी अर्धवट वळलेली बोटे जागच्या जागी गोठवून देत होतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर हुबेहूब सारखे. एक उघडतेय, एक मिटतेय, पण कोणते कोणते? छोटीलाही सांगता येईना. आणि हे दोन शब्द उलटेपालटे झाले तर काय होईल, हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

ऊन खिडकीवरून सरकले. खोलीत प्रकाश कमी झाला, म्हणून छोटीने शटर मंद केले. मावशीने पुन्हा 'सैल कर' म्हटले. मूठ उघडली, आणि तिच्या सांध्यात कळ आली असावी, कारण बोटे फाकवून ती तशीच थांबली. मूठ उघडू लागताच मी क्लिक केले होते आणि शटर अजून मिटले नव्हते. फोटोत फाकलेली बोटे स्पष्ट होती आणि त्यांच्या मागे, मुठीच्या जागेपासून आलेला, एक धूसर ओघळ होता. माझ्या दृष्टीने तो फोटो बिघडलेला होता. मला शरम वाटली. पण छोटी पडद्याकडे बघतच राहिली आणि दादा म्हणाला, "अगं, हा तर उघडतोय. दिसतंय की."

त्यानंतर हलणाऱ्या सगळ्या खुणांचे फोटो तसेच काढले. मावशी हात हलवायची आणि शेवटी थांबायची. छोटीने ते फोटोच्या दुकानातून छापून आणले आणि बेकरीतल्या केकच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवले.

ऑपरेशन झाले त्या दिवशी छोटीने रजा घेतली होती. पण दुसऱ्या सकाळी तिला पाळीवर जावेच लागले. मी तिच्या पिशवीत होतो. दुपारी आम्ही इस्पितळात पोहोचलो तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर दारातच भेटल्या. उंच, भरभर चालणाऱ्या, केसांत पेन खोचलेले. त्यांनी छोटीला बाजूला घेऊन सगळे सांगितले.

सकाळी मावशी सारखी मूठ उघडून दाखवत होती. तिच्या हातात काहीतरी हवे आहे असे वाटून कुणीतरी पेला दिला, तिने ढकलला. कुणीतरी हात धरला, तिने सोडवून घेतला. मग सिस्टरांनी मान वर करून फोटो पाहिले, आणि तो ओघळवाला फोटो सापडला. सैल कर. पण काय सैल करायचे? त्यांनी मानेपासून खाली एकेक पट्टी चाचपली. पायाशी आल्यावर कळले. पाय सुजला होता, पट्टी त्यात रुतली होती आणि बोटे गार पडली होती. डॉक्टरांना बोलावले, पट्टी सोडून पुन्हा बांधली.

"वेळेत कळलं," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर पायावर बेतलं असतं."

छोटी भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या बोटांवरचे पीठ पिशवीला लागले. आणि मी? मी पुरता चक्रावलो होतो. माझे नितळ, रेखीव फोटो भिंतीवर होते, आणि मावशीचा पाय वाचवला तो मला ज्याची लाज वाटत होती त्या फोटोने.

छोटी आत गेली तेव्हा तिला वाटले, मावशी खूश असेल. पण मावशी रागावलेली होती. तिचे हात भराभर चालले. सिस्टरांनी विचारले, काय म्हणताहेत?

"ती म्हणते, मला सगळं सांगता आलं," छोटी म्हणाली. "पण मला कुणी काही सांगितलं नाही. सगळे धावत आले, पट्टी सोडली, तोंडं हलवली. पाय राहिला की गेला, हे मला अजून कळलेलं नाही."

छोटीने भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिले. इतके पुठ्ठे केले, पण सगळे एकाच बाजूने बोलणारे.

जरा वेळाने सिस्टर हातमोजे काढून पलंगासमोर येऊन उभ्या राहिल्या. सगळे ठीक झाले, हे कसे म्हणायचे, असे त्यांनी विचारले. छोटीने दाखवले. एक तळवा दुसऱ्यावर ठेवायचा आणि अलगद पुढे सरकवायचा, सुरकुती काढल्यासारखा. सिस्टरांनी मन लावून केले. छोटीने मला उचलले, चौकोन त्यांच्या हातावर ठेवला, शटर मंद केले. त्यांचा हात सरकू लागताच मी क्लिक केले आणि त्या थांबल्या. चेहरा स्पष्ट, हात स्पष्ट, ओघळ जिथे हवा तिथे. मला मनापासून वाटले, अखेर मला जमले.

मावशीने तो फोटो पाहिला आणि पलंग हलू लागला. ती हसत होती. सिस्टर टाक्यांच्या काळजीने धावल्या. छोटीलाही हसू आवरेना. सिस्टरांचा वरचा पंजा किंचित वाकडा झाला होता, वाटीसारखा, आणि मावशीच्या भाषेत त्याचा अर्थ होत होता, 'दूध सांडलं.'

छोटी म्हणाली, थांबा, दुसरा काढू. पण मावशीने हात आडवा केला आणि काहीतरी सांगितले. छोटीने ते सिस्टरांना सांगितले, सावकाश.

"ती म्हणते, राहू दे. तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळलं."

तो फोटो छापून पलंगाच्या पायथ्याशी लावला, मावशीला पडल्या पडल्या दिसेल असा. मावशी तिथे असेपर्यंत रोज घरी जायच्या आधी सिस्टर पलंगापाशी येत आणि गंभीर चेहऱ्याने तिला हातांनी सांगत की दूध सांडलं. मावशी मान डोलवी आणि शांत झोपी जाई.

मित्रांनो, मी हे तुम्हाला सांगितले खरे, पण ते मला कळले आहे असे समजू नका. बिघडलेला फोटो बरोबर ठरला, बरोबर फोटोत चुकीचा शब्द निघाला, आणि तो चुकीचा शब्द पाहून एक घाबरलेली म्हातारी निवांत झोपली. तुमच्या हाती माझा एखादा भाऊबंद आला तर त्याची काच सदऱ्याच्या टोकाने घासू नका, पिठाचे हात पुसून मगच त्याला उचला आणि त्याला कपाटात विसरू नका. आणि समोरचा माणूस कशाने बोलतो आहे, ते आधी बघून घ्या. आम्हाला आपणहून ते दिसत नाही. तुम्ही बोट ठेवाल तिथेच आम्ही पाहतो.