रकान्यातलं ‘नाही’

मी जिलानी. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो, आता लातूरला पोलीस भरतीची अकॅडमी चालवतो. सकाळी साडेपाचला पोरं-पोरी मैदानावर हजर पाहिजेत. एक मिनिट उशीर झाला की मी मैदान डोक्यावर घेतो. माझा राग सगळ्यांना ठाऊक हाय. पण ह्या गोष्टीत राग काढायला दुसरं कोणी न्हाईच.

निलंग्याची रुद्राणी दोन वर्षं माझ्याकडं होती. बाप शरणप्पा, किराणा दुकानवाला. पहिल्या भरतीत पोरगी गोळाफेकीत मागं पडली, दोन मार्कांनी गेली. मी लई बोललो तिला. दुसऱ्या खेपेला तिनं नांदेड जिल्ह्याला फॉर्म भरला आणि आठशे मीटर अशी पळाली की मी घड्याळ दोनदा बघितलं. लेखीलाही निघाली. निवड यादीत नाव आलं त्या दिवशी शरणप्पानं पेढ्याचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला नि ढसाढसा रडला.

राहिला होता फक्त चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. अकॅडमीतच भरायला बसली. ‘तुमच्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ ह्या रकान्यापाशी तिचा पेन थांबला.

“उस्ताद, ते नळाचं भांडण?”

चार वर्षांमागं त्यांच्या गल्लीत पाण्यावरून भांडण झालं होतं. आमच्याकडं भांडण एकाचं असतं, पण तक्रारीत घरातल्या सगळ्यांची नावं घालतात. पाळण्यातलं लेकरू तेवढं सुटतं. रुद्राणी तवा कॉलेजात होती, तिचंबी नाव घातलं. पुढं चार शहाण्यांनी समजूत घातली, लोकअदालतीत प्रकरण मिटलं, दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नात जेवली. मिटलं म्हणजे झालंच न्हाई, असं आम्ही सगळेच धरून चालतो.

“मिटलं ना? मग मेलेलं मढं कशाला उकरती? नाही लिही.”

“पण खाली लिहिलंय उस्ताद, माहिती लपवली तर…”

“मी किती पोरं भरती केली? आता तू मला शिकवती का?” मी खेकसलो.

तिनं ‘नाही’ लिहिलं. खरं सांगतो, खालच्या ओळी मी वाचल्यासुद्धा न्हाईत.

दोन महिन्यांनी नांदेडहून पत्र आलं, खुलाशाला हजर राहा म्हणून. शरणप्पा पत्र घेऊन माझ्याकडं आला. तो म्हणाला, “उस्ताद, मला साहेबलोकांपुढं बोलता येत न्हाई, तुम्ही जा पोरीसंगं.” एसटीत ती तेच पत्र परत परत वाचत होती. मी म्हणालो, “घाबरू नको. चूक माझी हाय, मी सांगतो.” तिनं मान हलवली.

नांदेडच्या पोलीस ऑफिसात एक बाई अधिकारी होत्या. आवाज चढवला न्हाई त्यांनी, तेच जास्त लागलं.

“गुन्हा दाखल होता, मग लिहिलं का नाहीस?”

“मिटला होता, मॅडम.”

“मग मिटला असं लिहायचं. इतकं किरकोळ प्रकरण, तेही आपसात मिटलेलं. पडताळणी समितीनं सोडून दिलं असतं गं. पण खोटं लिहिलंस, त्याचं मी काय करू?” त्यांनी फॉर्म तिच्यापुढं सरकवला. “कुणी सांगितलं होतं का, नाही लिही म्हणून?”

रुद्राणीनं माझ्याकडं बघितलं.

आता बोलायचं होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, मी सांगितलं. पण मला नवी बॅच दिसाया लागली. नव्वद पोरं. जिलानी उस्ताद खोटं लिहायला लावतो, असं एकदा पसरलं तर कोण येणार? मी आपल्या बुटाकडं बघत बसलो.

“माझ्या मनानं लिहिलं, मॅडम,” ती म्हणाली.

निवड रद्द झाली. आता पुढच्या प्रत्येक फॉर्मात हेबी लिहावं लागणार तिला.

बाहेर आलो. शरणप्पाचा फोन वाजत होता, तिनं उचलला न्हाई.

“माझं तर गेलंच होतं उस्ताद,” ती म्हणाली. “तुमचं नाव घेऊन काय परत आलं असतं?”

आणि मला हायसं वाटलं. अल्ला माफ करो, पोरीची दोन वर्षं मातीत गेली नि मला हायसं वाटलं. वरून तोंडातून काय निघालं तेबी ऐका. मी म्हणालो, “शाबास.”