डाकोटाच्या तोंडातल्या अक्षता

यज्ञेश्वर गुरुजींच्या घराण्यात यंत्राची पूजा करायची एक खास रीत होती. कुंकवाचं स्वस्तिक, हार, चाकाखाली लिंबू, एवढं सगळेच करतात. शेवटी मूठभर अक्षता यंत्राच्या तोंडात टाकायच्या, ही भर त्यांच्या आजोबांची. आजोबांनी झाशीच्या सीपरी बाजारातल्या पिठाच्या गिरणीची पूजा केली होती, आणि गिरणीच्या तोंडात तांदूळ टाकण्यात कुणालाच गैर दिसलं नाही. पुढे ती मूठ शिवणयंत्रात गेली, पाण्याच्या पंपात गेली, प्रेम नगरातल्या एका डॉक्टरच्या एक्स-रे मशिनीतही गेली.

त्या रविवारी सकाळी ती डाकोटात गेली.

झाशीच्या लष्करी धावपट्टीवर जुन्या लढाऊ आणि मालवाहू विमानांचा मेळा होता, आणि उड्डाणाआधीच्या पूजेला तिथल्या मेजरसाहेबांनी गुरुजींना बोलावलं होतं. डाकोटा हे मालवाहू विमान गुरुजींहून वयाने मोठं, म्हणून त्यांनी आधी त्याला नमस्कार केला आणि मग शिडी चढले. डाव्या इंजिनावर हवा आत घ्यायचं एक तोंड होतं. तोंड दिसलं, मूठ गेली. सगळे डोळे मिटून हात जोडून उभे असल्यामुळे कुणी पाहिलं नाही.

"दक्षिणा क्या दें, पंडितजी?" मेजरसाहेबांनी विचारलं.

'आपकी इच्छा' म्हणायला गुरुजींनी तोंड उघडलं, तोच मागून त्यांची बायको लीलाबाई म्हणाल्या, "मुझे इसमें बिठा दीजिए."

चौसष्ट वर्षांत लीलाबाई किल्ल्यापेक्षा उंच गेल्या नव्हत्या. साहेब हसले, आणि हो म्हणाले. पहिली फेरी नुसत्या वैमानिकांची, दुसरीत चार पाहुणे. त्यांतल्या एक लीलाबाई.

पहिल्या फेरीआधी संभाजी नावाचा मेकॅनिक गुरुजींजवळ येऊन उभा राहिला. साताऱ्याकडचा होता, मराठी ऐकून खूश झाला आणि न विचारता माहिती देऊ लागला. "इथं हातातली अंगठीसुद्धा काढून ठेवतो आम्ही, गुरुजी. इंजिनात एक वायसर राहिला, तरी विमान खाली येतं."

"आणि तांदूळ?"

"तांदूळ कोण टाकेल, गुरुजी?"

गुरुजी हसले. संभाजीही हसला. समोर दोन तरुण वैमानिक जिन्याने आत चढत होते, आणि त्यांतला एक वळून गुरुजींना नमस्कार करून गेला. आता सांगावं, असं गुरुजींनी ठरवलं. मग उद्या सगळी झाशी काय म्हणेल, हे आठवलं. तेवढ्यात पंखे फिरले आणि बोललेलं ऐकू जायची सोय उरली नाही.

बारा मिनिटं डाकोटा झाशीवर घिरट्या घालत होतं. गुरुजींनी येतील ती सगळी स्तोत्रं म्हटली. शेवटी मंगलाष्टकंही म्हणून टाकली.

"अहो, मान खाली का? विमान वर आहे," लीलाबाई म्हणाल्या.

ते उतरलं. टाळ्या पडल्या. देवाने तांदूळ पचवले, अशी गुरुजींनी समजूत करून घेतली. ती समजूत पाच मिनिटं टिकली, कारण मग माइकवर लीलाबाईंचं नाव पुकारलं गेलं.

त्यांनी पदर खोचला आणि पर्स नवऱ्याच्या हातात दिली. "धरा. आणि असे रडवेले उभे राहू नका, मी येणार आहे परत."

गुरुजी पर्स घेऊन थेट संभाजीकडे गेले.

"तांदूळ मी टाकले."

"कुठं?"

"डाव्या इंजिनाच्या तोंडात."

"किती?"

"मूठभर."

संभाजीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. आता तो हसला नाही. तो पळत गेला, लीलाबाईंना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून खाली उतरवलं, आणि इंजिनाचं झाकण उघडलं गेलं. अर्ध्या तासाने त्याने फडक्यात अकरा तांबडे दाणे आणून दाखवले.

"बाकीचे?" गुरुजींनी विचारलं.

"ते मघाशी फिरून आले."

भोंग्यावरून 'तकनीकी कारण' सांगून दुसरी फेरी रद्द झाल्याचं जाहीर झालं. मेजरसाहेब पंडितजींशी पुन्हा बोलले नाहीत.

परतीचा ऑटो सदर बाजारात आला. मग लीलाबाईंनी विचारलं, "पहिल्या फेरीच्या आधीच ठाऊक होतं ना तुम्हांला?"

"हो."

"काय वयाची होती ती पोरं?"

"असतील पंचविशीतली."

"त्यांनी तुमच्या हातात पर्स दिली नव्हती, म्हणून गप्प बसलात?"

गुरुजी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले.

ऑटोवाला आरशातून बघत म्हणाला, "पंडितजी, अगले महीने नया ऑटो ले रहे हैं. पूजा आप ही करना."

पर्स अजून गुरुजींच्याच मांडीवर होती. लीलाबाईंनी ती मागितली नाही. गुरुजींनी उजवी मूठ उघडून बघितली. तिच्यात काही नव्हतं. तरी घर येईपर्यंत ती त्यांनी तशीच उघडी ऑटोच्या बाहेर, वाऱ्यात धरून ठेवली.