निकोपोलिसहून परतलेली ढाल

मी एक तडकलेली ढाल आहे, मित्रांनो. गलातियाच्या माळावर, एका धनगराच्या घरामागे, बकऱ्यांच्या कुंडावर झाकण म्हणून पडून असते. वारा सुटला की माझ्या फळ्या वाजतात. लोक म्हणतात, लाकूड जुनं झालंय. खरं सांगू? मला भीती वाटते.

आमच्या राजाला रोमनांसारखी फौज हवी होती. म्हणून कातमारो सुताराने समोर एक रोमन ढाल ठेवून मला घडवलं. पातळ फळ्या आडव्याउभ्या चिकटवल्या, वाकवल्या, वर कातडं ताणलं. "हुबेहूब झाली!" सगळे म्हणाले. पण त्या रोमन ढालीवर खोल घाव होते. ते बघून मी तेव्हाच गार पडले.

मी अतेपोच्या हाती आले. कवायतीत त्याच्या डावीकडे त्याचा मोठा भाऊ सिनातो असे. त्याची कुरकुर कधी थांबत नसे.

"आपले बाबा उघड्या छातीने, आरोळ्या ठोकत लढायचे. आणि आपण? रोमनांची माकडं! गप्प उभं राहा म्हणे, ढालीला ढाल भिडवा म्हणे."

"दादा, हळू बोल. नायक ऐकेल."

"ऐकू दे की! त्याला तरी रोमन भाषा कुठे येते? हुकूम नुसते पाठ केलेत त्याने."

अतेपो हसायचा, पण माझी मूठ धरलेला त्याचा हात घामाने ओला असायचा.

मग निकोपोलिस शहराजवळ शेजारच्या पोंतस राज्याच्या राजाची फौज समोर आली. आमच्या बाजूने लढणारे खरे रोमन उजवीकडे आणि आम्ही नकली मध्यभागी. धुळीतून आधी नुसता आवाज आला. अतेपोचे दात वाजू लागले. मित्रांनो, मला पाय असते तर मी तेव्हाच पळाले असते.

पहिल्या धडकेतच आमची रांग फुटली. "पळा, पळा!" म्हणत माणसं ढाली टाकून धावू लागली. माझ्या बहिणी चिखलात तुडवल्या जात होत्या. तेवढ्यात सिनातोच्या मांडीत भाला घुसला आणि तो कोसळला.

"पळ, अते! मला सोड!"

"गप्प बस, दादा!"

अतेपो गुडघ्यावर बसला आणि त्याने मला दोघांच्या पुढे रोवलं. घाव पडला. मी वरपासून खालपर्यंत तडकले. दुसरा पडला असता तर संपलंच होतं. अतेपोने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तेव्हा जमिनीवर पडल्या पडल्या सिनातोच गरजला. ज्याची तो टिंगल करायचा तोच ढालीला ढाल भिडवायचा हुकूम, तोच रोमन शब्द, तोही चुकीचा उच्चारलेला. पळणाऱ्यांपैकी दोघे सवयीने थबकले, वळले. त्यांच्या ढाली धाडकन माझ्या दोन्ही कडांना भिडल्या. तसेच आम्ही सिनातोला ओढत, एक एक पाऊल मागे सरत टेकडीवर पोचलो. शत्रूने आम्हाला सोडलं आणि तो पाठ दाखवणाऱ्यांच्या मागे लागला. त्यांच्या किंकाळ्या मी अजून विसरले नाही.

आम्ही परतलो तेव्हा गावात मटण शिजलं, माझ्या तड्यावरून हात फिरले. पण वाचलेल्यांची नवी पलटण उभी राहिली आणि अतेपोला पुन्हा बोलावणं आलं. त्याला नवी ढाल मिळाली आणि मी धनगर झालेल्या सिनातोच्या कुंडावर आले. अतेपो गेला तो अजून परतलेला नाही.

परवा सिनातोच्या मुलीने मला ओढून काढलं. "मी अतेपोकाका!" ती ओरडली. "काकाला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं!"

लंगडत आलेला सिनातो तिच्याजवळ बसला. "खोटं आहे ते, पोरी. तुझा काका इतका थरथरत होता की ढालीचा आवाज होत होता. तरी तो माझ्याजवळून हलला नाही."

मुलीने माझ्या तड्यावरून हळूच बोट फिरवलं.

मित्रांनो, जुन्या ढाली सापडल्या तर त्यांना उन्हात वाळू देऊ नका, कातड्याला थोडी चरबी चोळा. आणि त्यांच्या गोष्टी सांगताना, त्या धरणारे हात किती कापत होते, तेही सांगा.