दोधूबाचं निळं बटण

"माणूस खोटं बोलस आनि डबा खरं बोलस. काय जमाना उना व माय!"

कौसाबाई हे मला म्हणत नव्हती, ती मिरच्यांना सांगत होती. पुढ्यात लाल मिरच्यांचा ढीग. एकेक देठ खुडायचं आणि प्रत्येक देठामागे एक वाक्य सोडायचं. मी हातभर अंतरावर बसले होते, तेव्हा न ऐकण्याची सोयच नव्हती.

"ऐकू येतंय हो मला."

"मी मिरच्यासले सांगी ऱ्हायनी. तुम्ही कसाले मनवर लेतस?"

मी मनावर घेतलं नाही, असं दाखवलं आणि शिंकत जिना चढले.

लोणखेड्याच्या आमच्या घरावर एक खोली आहे. तिथे माझा पुतण्या भाग्येश आणि मी मिळून शेतातल्या पाण्याच्या मोटारी फोनवरून चालू-बंद करायचे डबे तयार करतो. डबा मोटरच्या स्टार्टरशेजारी लटकतो. शेतकऱ्याच्या फोनवर तीन बटणं असतात. हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, आणि निळं म्हणजे 'काय चाललंय ते सांग'. बटण दाबलं की डब्याला निरोप जातो. डब्याच्या पोटात तो निरोप उचलून वाचणारी जी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा भाग आहे, ती भाग्येशनं एकट्यानं लिहिली. तिचं नाव त्यानं 'हाळी' ठेवलं. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर मारतात ती हाळी. नाव ऐकून मला त्याचा मुका घ्यावासा वाटला होता, पण तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

असाच एक डबा सारंगखेड्याला, तापीकाठच्या सामाईक मोटरीवर आहे. ती मोटर कौसाबाईचा नवरा दोधू सांभाळायचा. यात्रेत एके दिवशी सकाळी लाईट जाऊन मोटर थांबली, तेव्हा पाईपच्या तळाची झडप दुरुस्तीला काढली होती. इकडे तिला सगळे फुटबॉलच म्हणतात. फुटबॉल नाही म्हणजे पंपात पाणी नाही, आणि त्याच दुपारी मोटर आपोआप सुरू झाली, कोरडी फिरली नि जळाली. दोधू त्या वेळी यात्रेतल्या घोडेबाजारात उभा होता. पण डब्यानं सांगितलं, दोधूच्या फोनवरून हिरवं बटण दाबलं गेलं. दोधू म्हणतो, मी निळं दाबलं, मोटर बंद आहे ना एवढंच बघायला. नेमकं पाईपवरचं पहिलं शेत त्याच्या शालकाचं निघालं. मग काय, चोरून पाणी द्यायला निघाला होता, असं ठरलं. शेतकऱ्यांच्या गटानं मोटरघराची किल्ली त्याच्याकडून काढून गटातल्याच वीरसिंगकडे दिली. रविवारच्या बैठकीत त्याला कायमचा काढायचा की नाही ते ठरायचं होतं. तोवर दोघं नवरा-बायको आमच्या गल्लीत, लेकीकडे, ममताकडे येऊन राहिली होती.

कौसाबाई म्हणायची, मी मिरच्या खुडायला येते. ती नजर ठेवायला यायची. मी तिला नको म्हटलं नाही, कारण नजर मीही ठेवून होते. कोणावर, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

माझं काम मोडक्या निरोपांचं. चांगला निरोप घ्यायचा आणि त्याचे हाल करायचे. कधी शेपूट कापायचं, कधी पत्त्याच्या जागी कचरा भरायचा, कधी दोन निरोप एकमेकांना चिकटवायचे, कधी 'मी वीत लांब आहे' असं सांगणारा निरोप बोटभरच पाठवायचा. हे सगळं हातानं करत बसलं तर जन्म जाईल, म्हणून मी शेल स्क्रिप्ट लिहिल्या. त्या एकामागून एक मोडका निरोप टेबलावरच्या डब्याकडे फेकतात. डब्याला मोटरऐवजी एक लहान दिवा जोडलेला. मोडक्या निरोपावर दिवा लागला तर नापास, नाही लागला तर पास.

आणि हाळी पासच होत होती. यात्रेनंतर मी सारखी फेकत होते आणि पडद्यावर पास, पास, पास अशी ओळ लागत होती. मला ते आवडेना. ज्या वर्गात एकही पोर कधी नापास होत नाही, तिथे मास्तरावर संशय घ्यावा.

त्या दिवशी मी स्क्रिप्ट वरून खाली पुन्हा वाचली. मध्ये एक ओळ होती, मी न लिहिलेली. प्रत्येक निरोपाआधी डबा बंद करून नव्यानं सुरू करणारी.

"भाग्येश, ही ओळ तुझी का रे?"

तो खिडकीशी उभा राहून खाली बघत होता. बघत म्हणजे, कौसाबाई जिन्याशी आहे का ते पाहत होता. हल्ली तो मागच्या दारानं ये-जा करायचा. मिरचीचा ठसका लागतो म्हणे.

"हो काकू. आधीच्या निरोपाचं काही शिल्लक राहायला नको. प्रत्येक वेळी डबा स्वच्छ पाहिजे."

"स्वच्छ?"

"टेस्टिंगमध्ये तसंच करतात."

करत असतीलही. पण ह्या पोराच्या टेबलावर चहाचे कप आठ-आठ दिवस पडून असतात. एका कपात तर बुरशीनं संसार थाटला होता. त्याला मी 'भांडं विसळ' असं लहानपणापासून सांगत आले, आणि आता त्याला डबा विसळायची बुद्धी झाली! मी म्हटलं, "बरं." आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, ती बसूनच राहिली.

तो शहाद्याला सामान आणायला गेला, तशी मी ती ओळ काढली. डबा एकदाच सुरू केला आणि विसळू दिला नाही. आधी हिरव्याचा धडधाकट निरोप पाठवला, दिवा लागला. मग वीज काढली, दिवा गेला. शेतात रोज असंच होतं. लाईट जाते, मोटर थांबते, लाल बटण दाबायच्या फंदात कोणी पडत नाही. डबा मात्र बॅटरीवर जागाच असतो. वीज पुन्हा दिली. दिवा विझलेलाच, म्हणजे इथवर ठीक. मग निळ्याचा निरोप पाठवला, अर्ध्यात तोडून. कोणाचा फोन एवढंच पोचेल, कुठलं बटण ते गळून पडेल असा.

दिवा लागला.

खाली कौसाबाई खोकली. मला उगाच वाटलं, तिनं पाहिलं.

मी पुन्हा केलं. पुन्हा लागला. मग मला कळलं, आणि कळलं ते स्वयंपाकघरातून आलेलं होतं. भांडं विसळलं नाही, आणि त्यात अर्धी वाटीच वरण ओतलं, तर तळाशी कालचं खरकटं असतंच. यात्रेच्या दुपारीही तसंच झालं: नवीन निरोपातून नाव दोधूचं आलं, बटण आलंच नाही. मग हाळीनं तळाशी उरलेलं सकाळचं हिरवं बटण वाचलं. यात्रेला लाखभर फोन एका टॉवरला लोंबकळलेले. निरोप तुटायचेच.

म्हणजे दोधूनं निळंच दाबलं होतं. एवढं कळून मी खाली धावायला हवं होतं. मी धावले नाही. कारण त्यामागचं दुसरं काही दिसायला लागलं होतं: हे खरकटं दिसू नये म्हणूनच ती ओळ घातलेली असावी. आणि ते मला बघायचं नव्हतं.

जेवताना मी म्हटलं, "उद्या सारंगखेड्याला जाऊ. जळालेली मोटर गेली, डबा तिथेच आहे. त्याला दिवा लावून स्क्रिप्ट चालवू. दोधूबालाही बोलावते."

भाग्येशचा घास हातातच राहिला. त्यानं 'कशाला' असं विचारलं नाही. ते न विचारणंच मला ठेच्यापेक्षा जास्त झोंबलं.

"तरुणशेठला सांगू?" एवढंच तो म्हणाला.

तरुणशेठ आमचे डबे विकतो. शहाद्याला वडिलांच्या, इंदरचंदशेठच्या, पाईप-मोटारीच्या दुकानात आता तोच बसतो. दुसऱ्या दिवशी गाडी त्यानंच आणली आणि रस्ताभर बोलला. "काकू, जे काही असेल ते आपसांत ठेवू. गावोगावचे डबे परत मागवायचे म्हटले तर लोक विचारतील कशाला. भरवसा एकदा गेला की दुकान झाडायलाच उरतं." मागच्या सीटवर कौसाबाई आणि दोधू. कौसाबाईजवळ आज मिरच्या नव्हत्या, म्हणून तिला बोलायला कोणी नव्हतं.

वीरसिंगनं कुलूप उघडलं. दोधू उंबऱ्याबाहेरच थांबला. आत ये म्हटलं तर म्हणाला, "किल्ली मन्हाजोडे नही, मी बाहेरच बरा." तिथूनच त्यानं तापीकडे तोंड करून हात जोडले. मोटर चालू करण्याआधी रोज जोडायचा, तसे.

भाग्येशनं डब्याला दिवा जोडला. त्याचे हात नीट चालत होते, पण तो कोणाकडे बघत नव्हता. मी लॅपटॉप मोटरच्या रिकाम्या चौथऱ्यावर ठेवला आणि स्क्रिप्ट सुरू केली. हिरवा निरोप; दिवा लागला. वीरसिंगनं मेन स्विच खाली ओढला, दिवा गेला. स्विच वर केला. दिवा शांत.

"आता निळं बटण," मी म्हटलं. "यात्रेत टॉवरनं तोडलं असेल, तसं तोडलेलं."

दिवा लागला.

वीरसिंग दिव्याच्या इतका जवळ गेला, जणू तो फुंकून बघणार होता.

"नेटवर्क," तरुणशेठ म्हणाला. "यात्रेच्या गर्दीत नेटवर्कचं असं होतं. कंपनीला दोष देऊन उपयोग नाही."

"मंग दोधूनी हिरवं दाबं नही?" वीरसिंगनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "निळं दाबलं. रविवारी बैठकीत मी येऊन हे दाखवते."

वीरसिंगनं खिशातून किल्ली काढली, जरा वेळ हातात धरली आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन दोधूच्या पुढे केली. दोधूनं ती लगेच घेतली नाही. आधी धोतराला हात पुसले, मग घेतली.

"जाऊ द्या," दोधू म्हणाला, आणि म्हणाला तो भाग्येशला. "यंत्र शे. चुकस. पोरगानी काय मुद्दाम करं?"

"तेच तर," तरुणशेठ घाईनं म्हणाला. "चला, चहा घेऊ."

सगळे हलले. मीही वायर गुंडाळायला लागले. खरं तर मला भाग्येशला विचारायचं होतं, ती ओळ का घातलीस ते. पण ह्या पोराच्या दुधाच्या दातांपासून सगळं मी पाहिलंय, आणि आपण ज्याला भरवलं त्याला असं विचारायचं कसं? मी वायरीला एक वेढा जास्तच दिला.

कौसाबाई मात्र हलली नव्हती. ती दिव्याकडे बघत होती. तो अजून चालूच होता, कोणी बंद केला नव्हता. मग तिनं भाग्येशकडे मान वळवली, आणि पहिल्यांदाच मिरच्यांना नाही, माणसाला विचारलं.

"भाऊ, हाई तुले कव्हय समजनं?"

"अहो कौसाबाई, आत्ताच तर—" तरुणशेठ म्हणाला.

"तुम्हले नही इचारं, शेठ."

भाग्येशनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी दुधाचं पातेलं सांडलं की पाहायचा, तसं. तेव्हा मी त्याच्या आधी बोलायचे, मांजर आलं होतं म्हणायचे. आज मी तोंड बंद ठेवलं. वायर खाली ठेवली.

तो उंबऱ्याशी गेला आणि दोधूच्या समोर उभा राहिला.

"यात्रा उठनी, तेन्हा दुसराच दिनले," तो म्हणाला. "दोधूबा, तुम्ही निळंच दाबेल व्हतं. माले तव्हयपासून माहीत व्हतं."