सोड्यातली आठ कापडं

माझ्या आईने माझी आठ चित्रं धुण्याच्या सोड्यात भिजत घातली, आणि वर मलाच विचारते, गरम पाणी घेतलं असतं तर आणखी निघालं असतं का. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ही चित्रं म्हणजे काय ते आधी सांगते. पांढऱ्या सुती कापडाला अंधाऱ्या खोलीत दोन रसायनं लावायची, वाळवायचं आणि उन्हात पसरायचं. ऊन लागेल तिथे कापड निळं होतं, झाकलेलं राहील तिथे पांढरं. मग साध्या पाण्यात धुवायचं. याला सायनोटाइप म्हणतात. बाकीचे लोक त्यावर पानं-फुलं ठेवतात. मी भाताची पेज ओतते, धानाचा कोंडा उधळते, कापड चुरगाळून टाकते आणि काय उमटतं ते बघते. त्यात पान नसतं, पाखरू नसतं. 'पण हे आहे काय?' असं कुणी विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. सहा वर्षं हाच प्रश्न ऐकतेय मी.

या उन्हाळ्यात आमच्या घराचा स्लॅब मी महिनाभर अडवला होता. आई दर मे महिन्यात तिथे वर्षाची लाखोळीची डाळ वाळवते. यंदा ती सूप घेऊन वर आली की मी ओरडायचे, सरक, सावली पडते. शेवटी तिने डाळ अंगणात नेली आणि दिवसभर कोंबड्या हाकलत बसली. एकदा मी खाली पाणी आणायला गेले, तेवढ्यात ती वर येऊन डाळ पाखडत उभी राहिली. मी येऊन ओरडले तशी ती सरकली, पण उन्हात पसरलेल्या कापडावर तिची सावली बसली होती आणि ते वाया गेलं. मी ते चुलीपाशी फेकून दिलं. उरलेली आठ मात्र अशी उतरली होती की माझीच त्यांना दृष्ट लागेल.

नागपूरच्या एका कलादालनाने ती आठ निवडली. माझं पहिलं प्रदर्शन. कापडं शुक्रवारपर्यंत पोचवायची होती. मंगळवारी मी माहितीचं कार्ड छापून घ्यायला तिरोड्याला गेले, आणि जाताना कापडं नीट घडी करून खाटेवर ठेवून गेले. तिथेच चुकलं. सोड्याने हा रंग उडतो हे मला माहीत होतं. घरात ते कुणाला सांगायचं असतं, हे मात्र सुचलं नव्हतं.

संध्याकाळी परत आले तर न्हाणीत टब. टबात माझी कापडं, गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखी पिवळट. निळं नावालाही उरलं नव्हतं. नवी करावीत तर बाहेर चार दिवसांची पावसाची झड लागलेली, उन्हाचा पत्ता नाही. आणि ऊन असतं तरी काय? कोंडा पुन्हा तसाच थोडाच पडतो.

"काऊन हात लावलास माझ्या कापडाले?" मी विचारलं.

आई धानाच्या रोवणीवरून आलेली. पायाचा चिखलही धुतला नव्हता. तिने सांगितलं ते असं. शेजारची नंदाबाई डोकावली होती. खाटेवरची कापडं उलगडून म्हणाली, शामकला, तुझ्या पोरीला साधी नीळही लावता येत नाही, सगळे डागच डाग. आमच्याकडे पांढऱ्या कपड्यांवर नीळ फाटून डाग पडले की सोड्यात टाकतात. आईने तेच केलं. दिवसभर वाकून धान रोवल्यावर आठही कापडं तिने हाताने चोळली.

"नागपूरच्या लोकायसमोर टांगणार होतीस ना," ती म्हणाली. "हासले असते तुले."

"मले विचारायचं होतं."

"तू सांगतस कुठी? मी वर आली का म्हणतस, सरक."

मला ते ऐकायचं नव्हतं. मी टब लाथाडला. पाणी स्वयंपाकघरापर्यंत गेलं आणि मी त्याच्यामागे गेले. कोपऱ्यात डाळीचा ड्रम होता. त्याच्या तोंडाला सुतळीने एक कापड बांधलेलं. गडद निळं, मधोमध फिकट, हललेल्या कडांचं काहीतरी. मी फेकलेलं नववं कापड.

"हे कायले नाही धुतलं मग?"

"त्याच्यावर डाग कुठी हाये?" आईला माझा प्रश्नच कळला नाही. "मी हावो ना त्याच्यात. हे सूप. अन तू ओरडून राहिली, म्हणून हे अशी सरकून राहिली."

मी बघितलं. होती ती. महिनाभर त्या स्लॅबवर डोळे फाडून बसले होते मी, आणि मला ती दिसली नव्हती.

निदान एक तरी भिंतीवर लागेल, म्हणून मी सुतळी सोडायला लागले. आईने कापडावर हात ठेवला.

"हे नेऊ नोको," ती म्हणाली. "तू फेकलं होतंस. हे माझं हाये."

सहा वर्षांत माझं चित्र कुणी हट्टाने मागितलं नव्हतं. मी हात सोडला. फोन काढून नागपूरला कळवलं की माझ्याकडे पाठवायला काही नाही. आई सुतळीची गाठ पुन्हा घट्ट करत होती. म्हणाली, उद्या ऊन पडलं तर डाळ वर न्यायची आहे, चालेल का.