तीन चाकं आणि एक वळण

अख्ख्या वस्तीची अडकलेली दारं उघडून देणारे चावीवाले स्ट्रोक आल्यापासून स्वतःच्याच घरात अडकून पडले होते. डावा हात आणि डावा पाय आता बरंच ऐकायला लागले होते, पण आपल्या सवडीने. दुकानात जायचं तर मेहुण्याच्या गाडीतून. मेहुणा मनाचा चांगला, पण तोंडाला कुलूप नाही. "दाजी, मीठ सोडा. दाजी, दुकान विकून टाका." त्यापेक्षा स्ट्रोक परवडला, असं चावीवाल्यांचं मत झालं होतं.

आपलं आपण सायकलने दुकान गाठायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. फिजिओथेरपिस्ट बाई कशाबशा तयार झाल्या, त्याही तीनचाकीला. पुढे एक चाक, मागे दोन, आणि त्या दोन्हींच्या मधे सामानाची भलीमोठी टोपली. शिवाय अट घातली, "माझ्यासमोर गल्लीच्या टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं. जमलं तर सायकल, नाहीतर मेहुणे."

"बाई, जन्म गेला सायकलवर!" म्हणत चावीवाले ऐटीत निघाले. सरळ रस्ता झकास पार पडला. वळण आलं आणि सवयीने त्यांनी अंग आत झुकवलं. दोन चाकांची सायकल अंगाबरोबर झुकते. या ठोंबीला ते ठाऊकच नव्हतं. हँडल गेलं भलतीकडे आणि चावीवाले कुंपणाच्या झुडपात.

"सायकलच बिघडलेली आहे," ते पानांमधून म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात आणखी एकदाच बघू," बाई म्हणाल्या. "मग मात्र नाही."

सायकल घरी न्यायला बायको पुढे झाली. उभ्या आयुष्यात तिने पेडलला पाय लावला नव्हता. पडायच्या धास्तीने नवऱ्याच्या कॅरिअरवरसुद्धा कधी बसली नव्हती. ती चढली, वळली आणि थेट दारात जाऊन थांबली.

"तुला जमलं कसं?"

"मला सायकल येत नाही ना, म्हणून. हँडल वळवलं, ती वळली. तुम्ही तिला सावरायला जाता. अहो, ती पडतच नाहीये!"

चावीवाल्यांना राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हाडात मुरलेली ही सवय सुटली नाही तर उरलेला जन्म मेहुण्याच्या शेजारच्या सीटवर जाणार होता.

परीक्षेच्या दिवशी मेहुणा गाडी घेऊन दारात हजरच. बायकोने टोपलीत उशी टाकली आणि खुशाल आत बसली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"झुकले की शर्ट ओढीन."

बाईंना हसू आवरेना. बसा म्हणाल्या.

वळण आलं. अंग निघालंच होतं, तेवढ्यात मागून असा हिसका बसला की गळ्याजवळचं बटण उडालं. "सरळ बसा!" चावीवाले ताठ बसले, फक्त हँडल वळवलं, आणि सायकल गुमान वळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकी वर्षं कॅरिअरवर बसली नाहीस," ते मागे न बघता म्हणाले. "माझ्यावर भरवसा नव्हता?"

"तुमच्यावर होता हो. त्या दोन चाकांवर नव्हता."

दारापाशी बाईंनी मान डोलावली. मेहुण्याने नेहमीप्रमाणे गाडीचं दार उघडून धरलं होतं. "या दाजी, सोडतो दुकानात."

चावीवाल्यांनी घंटी वाजवली. "गाडी मागे घे रे. तुझी ताई पहिल्यांदाच माझ्या सायकलवर बसलीय. तिला दुकान दाखवून आणतो."